कॅमेऱ्यासमोर न हसणारे फ्रेडरिक डग्लस

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्या लढ्याचा चेहरा म्हणजे फ्रेडरिक डग्लस. चेहरा हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा.

मेरीलँडमध्ये १८१८च्या सुमारास ते गुलाम म्हणून जन्मले, १८३८ मध्ये निसटले आणि पुढे चळवळीचे मोठे वक्ते झाले. त्या काळी गोरे चित्रकार कृष्णवर्णीयांचे नाक-ओठ विद्रूप करून काढत, नाहीतर मालकाच्या दारी खूश असलेला, दात दाखवणारा गुलाम रंगवत. डग्लस यांनी नव्यानेच आलेला कॅमेरा जवळ केला. स्टुडिओत ते नीटनेटक्या कोटात बसत. मागे साधा पडदा, हसू जवळजवळ कधीच नाही, आणि नजर अनेकदा थेट भिंगात. तेव्हा फोटोसाठी स्तब्ध बसावे लागे हे खरे. पण तंत्र सुधारल्यावरही तो करारीपणा टिकला, म्हणजे तो ठरवून होता. यादवी युद्ध पेटलेले असताना, १८६१ मध्ये, त्यांनी बोस्टनला चक्क छायाचित्रांवर व्याख्यान दिले!

१८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो आज सापडले आहेत, अब्राहम लिंकन यांच्याहूनही जास्त.