इरावतीबाईंचा अनुत्तरित न राहिलेला प्रश्न

इरावती कर्वे हे नाव मराठी वाचकांना प्रामुख्याने ‘युगान्त’मुळे परिचित आहे. महाभारतातील व्यक्तिरेखांची चिकित्सा करणारा हा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि साहित्य अकादमी पुरस्काराचा मानकरी ठरला. मात्र मानववंशशास्त्रज्ञ म्हणून इरावतीबाईंनी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तो आज रोगांच्या जनुकीय संशोधनात कळीचा ठरला आहे. माणसांच्या रक्ताची तुलना करायची, तर ‘एक समाज’ नेमका कोणाला म्हणायचे, हा तो प्रश्न.

त्यांचा जन्म १९०५ मध्ये ब्रह्मदेशात झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवण्यात आले. सातव्या वर्षी त्या पुण्याच्या हुजूरपागेत दाखल झाल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी एम. ए. केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी विवाह झाल्यानंतर १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाच्या विचारांना पुढे नाझी राजवटीत याच गृहस्थांनी शास्त्राचा मुलामा दिला. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा संबंध वंशाच्या बुद्धिमत्तेशी जोडता येतो का, हे इरावतीबाईंना तपासायचे होते. मोजमापांतून तसे काहीच निघाले नाही, आणि गुरूची अपेक्षा काय आहे याची तमा न बाळगता त्यांनी तोच निष्कर्ष मांडला.

१९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी निरनिराळ्या जातीजमातींची शारीरिक मोजमापे घेतली, रक्तगट नोंदवले, नातेसंबंधांची माहिती जमवली. मूळ एकच जात फुटून पोटजाती झाल्या, असे घुर्ये मानत. इरावतीबाईंचे मत वेगळे होते. ‘ब्राह्मण’ किंवा ‘कुंभार’ हे एका व्यवसायाच्या अथवा दर्जाच्या अनेक स्वतंत्र गटांचे केवळ सामायिक नाव असून बेटीव्यवहार ज्या वर्तुळात होतो तोच खरा घटक, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६८ मध्ये के. सी. मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. सामाजिक दर्जा समान असूनही या गटांत लक्षणीय फरक आढळले.

या मताचे महत्त्व रुग्णालयाच्या दारात कळते. एखाद्या रोगाचे रुग्ण एका जातीतून अधिक आले आणि तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक दुसऱ्या जातीतून, तर पहिल्या जातीत सहज आढळणारी कोणतीही जनुकीय खूण रोगाचे कारण असल्याचा भास होतो. गावपातळीवर दुसरा धोका असतो. महाड तालुक्यातील तळीये गावच्या कोंढाळकरवाडीचे नावच आडनावावरून पडले आहे. कोकणात अशा वाडीतील घरे बहुधा एकाच भाऊकीची असतात आणि सुना परगावाहून येतात. तेव्हा वाडी म्हणजे समाज नव्हे. सगळे नमुने एकाच वाडीतून घेतले, तर एकाच कुटुंबाचा वारसा अनेक स्वतंत्र पुरावे म्हणून मोजला जातो.

इरावतीबाईंच्या हयातीत गुणसूत्रांचे वाचन शक्य नव्हते. शरीराच्या मोजमापांवरून वंश ठरवण्याची त्यांच्या काळातील पद्धत आज मागे पडली आहे. पण मूळ मुद्दा टिकला. २०१७ मध्ये दक्षिण आशियातील २६०हून अधिक गटांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील ८१ गटांत, थोड्याच पूर्वजांपासून विस्तारल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाल्या. अशा गटांत दुर्मीळ आनुवंशिक दोष साचतात. आंध्रातील वैश्य समाजात अनेकांना भुलीच्या वेळी दिले जाणारे स्नायू शिथिल करणारे एक औषध सोसत नाही, याचे मूळ याच साचण्यात आहे. त्याची पूर्वकल्पना डॉक्टरला असेल, तर रुग्णाचा जीव वाचतो.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात इरावतीबाईंचे निधन झाले. जातीची नोंद त्यांनी उच्चनीचता ठरवण्यासाठी केली नाही. लग्नाच्या चौकटीने माणसांना किती वेगळे ठेवले, याचा तो हिशेब होता. रोगाचे जनुक शोधणाऱ्याला आजही त्या हिशेबापासूनच सुरुवात करावी लागते.