अंगठा हलतोय ना?

*मेंदू उघडा, पेशंट जागा आणि डॉक्टर त्याच्याशी गप्पा मारतोय! विल्डर पेनफिल्ड नावाचा सर्जन हे रोज करायचा. का करायचा, हे कळलं की मणक्याच्या ऑपरेशनची तुमची भीतीही थोडी कमी होईल.*

संग्रामपूरच्या एसटी स्टँडवर एखाद्या पोराला फिट आली तर काय होईल? घोळका जमेल. कुणी त्याच्या नाकाला चप्पल लावेल, कुणी कांदा फोडून आणेल. खरं तर त्याला कुशीवर वळवायचं, आजूबाजूची गर्दी हटवायची आणि तोंडात काही घालायचं नाही, एवढंच करायचं असतं. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणेलच, मिरगी आहे, आता हे जन्मभराचं! त्याचं कॉलेज, नोकरी, लग्न, सगळ्याचा निकाल त्या एका वाक्यात लागून जातो.

शंभर वर्षांपूर्वी अशाच फिट एका अमेरिकन डॉक्टरच्या सख्ख्या बहिणीला यायच्या. तिचं नाव रूथ. आणि तो डॉक्टर म्हणजे विल्डर पेनफिल्ड.

फुटबॉलवाला डॉक्टर

पेनफिल्डचा जन्म २६ जानेवारी १८९१ चा, अमेरिकेतल्या स्पोकेन गावातला. वडील डॉक्टर, पण प्रॅक्टिस बसली. आई मुलांना घेऊन विस्कॉन्सिनमधल्या हडसनला माहेरी आली. पोरानं ऱ्होड्स स्कॉलरशिप मिळवून ऑक्सफर्डला जावं, हे तिनंच मनावर घेतलं होतं. ही स्कॉलरशिप नुसत्या पुस्तकी किड्यांना मिळत नाही, म्हणून पठ्ठ्या प्रिन्स्टनला फुटबॉलही जीव तोडून खेळला. आणि स्कॉलरशिप मिळवली!

ऑक्सफर्डला शेरिंग्टन भेटले. नसा आणि मज्जारज्जू काम कसं करतात, हे जगाला शिकवणारा माणूस. तिथंच पेनफिल्डला मेंदूचं वेड लागलं. मध्येच पहिलं महायुद्ध. मार्च १९१६ मध्ये तो ज्या ‘ससेक्स’ बोटीवर होता, तिच्यावर इंग्लिश खाडीत जर्मन टॉर्पेडो आदळला. पाय जबर जखमी झाला, जीव वाचला. १९१८ मध्ये तो जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर होऊन बाहेर पडला.

सर्जन झाला खरा, पण एक प्रश्न सुटेना. मेंदूतला खराब भाग कापायचा, हे ठीक. पण थांबायचं कुठं? मेंदू सगळीकडं सारखाच दिसतो. बोलण्याची जागा कुठली आणि हात हलवणारी कुठली, असं वर काही लिहिलेलं नसतं. एक सेंटिमीटर इकडंतिकडं झालं, तर पेशंट जगेल, पण मुका होईल.

पेशंटलाच विचारा

याचं उत्तर त्याला १९२८ मध्ये जर्मनीत ब्रेस्लाऊला मिळालं. तिथं फर्स्टर नावाचे डॉक्टर डोक्याची कातडी तेवढी बधिर करून, पेशंट जागा असतानाच मेंदूचं ऑपरेशन करत. मेंदूला स्वतःला दुखतच नाही! मग त्याला बारीक करंट लावायचा आणि काय होतं ते बघायचं.

पेनफिल्ड ते शिकून कॅनडात माँट्रियलला आला आणि त्यानं त्याची पद्धतच बसवली. तारेचं टोक इथं टेकवलं, अंगठा हलला. तिथं टेकवलं, जिभेला मुंग्या आल्या. आणखी पुढं टेकवलं, पेशंट बोलता बोलता अडकला. प्रत्येक जागेवर आकडा छापलेली बारकीशी चिठ्ठी ठेवायची. फिट येण्याआधी पेशंटला जे जाणवायचं, तेच एखाद्या जागी जाणवलं, की चोर सापडला! १९३७ मध्ये त्यानं एडविन बोल्ड्रीसोबत हा नकाशा छापला. पंजा, ओठ आणि जिभेला त्यात ऐसपैस जागा आहे, अख्ख्या पाठीला मात्र चिमूटभर.

रूथचा स्वयंपाक

पण माँट्रियलला येऊन काही महिनेही झाले नव्हते, तोच डिसेंबर १९२८ मध्ये ऑपरेशन टेबलवर रूथ होती. सहा मुलांची आई. मेंदूच्या पुढच्या भागात मोठी गाठ. पेनफिल्डनं स्वतः ऑपरेशन केलं, गाठीबरोबर उजवीकडचा बराच भाग काढावा लागला.

रूथ वाचली. हसायची, बोलायची, हातपाय नीट चालायचे. सव्वा वर्षानं भाऊ तिच्याकडं जेवायला गेला. साधाच स्वयंपाक. सामान सगळं ओट्यावर होतं, एकदोन भांडी चुलीवर होती, पण मांस शिजायला टाकलंच नव्हतं. आधी काय करायचं आणि नंतर काय, हेच तिला जुळवता येईना. ती रडकुंडीला आली होती.

करंट लावून अंगठा हलतो का हे कळतं. स्वयंपाकाचा मेळ घालणारी जागा तशी सापडत नाही. गाठ पुन्हा वाढली आणि १९३१ मध्ये रूथ गेली. ऑपरेशननं काय वाचलं आणि काय गेलं, दोन्ही भावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. १९३४ मध्ये त्यानं माँट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली. सर्जन, मेंदूचा आलेख काढणारे, पेशींचा अभ्यास करणारे, सगळे एका छताखाली. वेल्लोरला १९४९ मध्ये देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग सुरू करणारे डॉ. जेकब चांडी तिथलेच विद्यार्थी. मुंबईत ही शाखा रुजवणारे डॉ. राम गिंडेही तिथं शिकलेले. ५ एप्रिल १९७६ ला पेनफिल्ड गेला, तोवर त्याचा नकाशा जगभरच्या पुस्तकांत होता.

आता झोपेतही उत्तर

मणक्याच्या ऑपरेशनमध्ये मात्र पेशंटला सहसा जागं ठेवत नाहीत. १९७३ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एक जुगाड सांगितला. वाकडा मणका सरळ केला, की पेशंटला मध्येच थोडं उठवायचं आणि पायाची बोटं हलवायला लावायची. हलली की परत झोपवायचं!

आज ते काम मशीन करतं. नाव न्यूरोमॉनिटरिंग. घोट्यापाशी बारीक करंट द्यायचा आणि तो मेंदूपर्यंत पोचतो का, हे डोक्यावरच्या तारांनी बघायचं. मग उलटं, डोक्यावर करंट द्यायचा आणि पायाच्या स्नायूत हालचाल उमटते का ते बघायचं. स्क्रीनवरची रेघ खाली बसली, की टेक्निशियन ओरडतो, सर, थांबा! मग सर्जन ताण सैल करतो, भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतो. बऱ्याचदा रेघ परत वर येते. नेहमीच येते असं नाही, आणि रूथचं जे हरवलं, ते हे मशीनही दाखवत नाही.

उद्या घरातल्या कुणाला मेंदूचं किंवा मणक्याचं ऑपरेशन सांगितलं आणि तुम्ही अकोला किंवा नागपूर गाठलं, तर घरातला शिकलेला म्हणून फॉर्मवर सही करायला तुम्हालाच पुढं करतील. सही करण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: या ऑपरेशनला न्यूरोमॉनिटरिंग लागतं का, आणि इथं ते आहे का? प्रत्येक ऑपरेशनला लागत नाही. पण विचारायला लाजू नका. पेनफिल्ड आयुष्यभर पेशंटला विचारतच तर राहिला.