राणीने नाकारलेलं यंत्र आणि आजच्या नी-पॅडमधली गादी
नी-पॅडमधलं जाळीदार, जाडसर कापड कधी दाबून पाहिलंय? त्याला स्पेसर फॅब्रिक म्हणतात. त्याची गोष्ट सुरू होते इंग्लंडच्या कॅल्व्हर्टन गावातून.

तिथल्या विल्यम ली या पाद्रीने 1589 मध्ये मोजे विणणारं यंत्र बनवलं. हाताने विणणाऱ्यांच्या पोटावर पाय पडेल म्हणून राणी एलिझाबेथने पेटंट दिलं नाही, असं सांगतात. ली फ्रान्सला गेला. राजा चौथ्या हेन्रीने आधार दिला, पण 1610 मध्ये हेन्रीचाच खून झाला. पुढच्या काही वर्षांत ली पॅरिसमध्ये वारला. भाऊ जेम्स यंत्रं घेऊन इंग्लंडला परतला आणि तिथे धंदा उभा राहिला.

1758-59 मध्ये जेडेडाया स्ट्रटने या यंत्राला सुयांची दुसरी रांग जोडली. स्पेसर फॅब्रिकही सुयांच्या दोन रांगांवरच विणतात. वर-खाली दोन कापडं, मध्ये उभे धागे. मार बसला की हे धागे स्प्रिंगसारखे वाकतात आणि हाडापर्यंत पोहोचणारा धक्का कमी होतो. धागे बारीक, विरळ असले तर कापड लगेच चपटं होतं. फार जाड, दाट असले तर ते कडक बनतं आणि धक्का आत जातो. सगळं कसब मधला मेळ साधण्यात आहे.

लीला मायदेशात पेटंट मिळालं नाही. पण टाक्यात टाका गुंफायचं काम बोटांकडून यंत्राकडे नेलं ते त्यानेच.