इरेन जोलिओ-क्युरी

इरेन जोलिओ-क्युरी (१२ सप्टेंबर, १८९७: पॅरिस, फ्रान्स - १७ मार्च, १९५६: पॅरिस, फ्रान्स) या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ होत्या. कृत्रिम किरणोत्सर्गाच्या शोधाबद्दल त्यांना व त्यांचे पती फ्रेदेरिक जोलिओ यांना १९३५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्थिर मूलद्रव्याच्या लक्ष्यावर कणांचा मारा करून नवा किरणोत्सर्गी समस्थानिक निर्माण करणे आणि तो नष्ट होण्यापूर्वी लक्ष्यातून वेगळा काढणे, ही किरणोत्सर्गी आयन शलाकांच्या आजच्या केंद्रांतील मूलभूत क्रिया या दांपत्याने सर्वप्रथम करून दाखविली.

बालपण व शिक्षण

इरेन या मेरी व पिएर क्युरी यांच्या ज्येष्ठ कन्या. १९०६ मध्ये वडिलांचे अपघाती निधन झाले. त्यानंतर आजोबा यूजेन क्युरी यांच्या सहवासाचा त्यांच्या विचारांवर खोल परिणाम झाला. मेरी क्युरी आणि त्यांच्या प्राध्यापक स्नेह्यांनी आपापल्या मुलांसाठी चालविलेल्या सहकारी वर्गात इरेन यांचे काही शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी आईबरोबर लष्करी रुग्णालयांत क्ष-किरण यंत्रे चालविली. पुढे पॅरिसच्या रेडियम संस्थेत काम करून १९२५ मध्ये त्यांनी पोलोनियमच्या आल्फा किरणांवरील प्रबंधासाठी डॉक्टरेट मिळविली. १९२६ मध्ये त्याच संस्थेतील सहकारी फ्रेदेरिक जोलिओ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हेलेन व पिएर ही त्यांची अपत्ये.

हुकलेले शोध

रेडियम संस्थेत पोलोनियमचा मोठा साठा होता व त्यापासून आल्फा कणांचे प्रबळ उगम तयार करता येत. १९३२ च्या आरंभी बेरिलियमपासून निघणारे प्रारण मेणातील प्रोटॉन बाहेर फेकते, असे या दांपत्यास आढळले. परंतु त्यांनी ते गॅमा किरण मानले. जेम्स चॅडविक यांनी काही आठवड्यांतच तो न्यूट्रॉन असल्याचे दाखविले. पॉझिट्रॉनच्या शोधाचे श्रेयही असेच त्यांच्या हातून निसटले. ऑक्टोबर १९३३ च्या सॉल्व्हे परिषदेत त्यांनी ॲल्युमिनियमवरील प्रयोगांचे निष्कर्ष मांडले, तेव्हा लिझे माइट्नर यांनी त्यांविषयी शंका व्यक्त केली. त्यामुळे दोघांनी तेच प्रयोग पुन्हा तपासण्यास घेतले.

ॲल्युमिनियमचे लक्ष्य

जानेवारी १९३४ मध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर आल्फा कणांचा मारा करून पोलोनियमचा उगम दूर नेला असता पॉझिट्रॉनचे उत्सर्जन थांबले नाही. ते सुमारे तीन मिनिटांच्या अर्धायुष्याने कमी होत गेले. ॲल्युमिनियमच्या अणुकेंद्रात आल्फा कण शिरून न्यूट्रॉन बाहेर पडला होता व फॉस्फरसचा निसर्गात न आढळणारा समस्थानिक निर्माण झाला होता. बोरॉन व मॅग्नेशियम या लक्ष्यांतही अशीच क्रिया दिसली.

मात्र नव्याने झालेल्या अणूंची संख्या इतकी अल्प होती, की नेहमीच्या रासायनिक परीक्षणात त्यांचा मागमूसही लागला नसता. त्यांची ओळख केवळ किरणोत्सर्गावरून पटणार होती आणि त्यासाठी मोजकीच मिनिटे हाती होती. म्हणून मारा केलेला पत्रा हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळविण्यात आला. हायड्रोजन वायूबरोबर फॉस्फरसचे वायुरूप संयुग निघून गेले, ते नळीत गोळा केले आणि किरणोत्सर्ग त्या वायूत आढळला. ॲल्युमिनियम मागेच राहिले. अशा रीतीने मूलद्रव्याचे रूपांतर झाल्याचा रासायनिक पुरावा प्रथमच मिळाला. बर्कली येथील सायक्लोट्रॉनमध्ये असे समस्थानिक आधीपासून तयार होत होते; पण यंत्र व गणक एकाच कळीने बंद होत असल्याने ते तेथील शास्त्रज्ञांच्या ध्यानी आले नव्हते. ४ जुलै १९३४ रोजी निधन होण्यापूर्वी मेरी क्युरी यांना कन्येचे हे यश पाहता आले.

सार्वजनिक जीवन

१९३६ मध्ये लेआँ ब्लूम यांच्या मंत्रिमंडळात इरेन यांनी वैज्ञानिक संशोधन खात्याच्या उपमंत्री म्हणून काही महिने काम केले. त्या वेळी फ्रान्समध्ये स्त्रियांना मतदानाचा अधिकार नव्हता. १९४६ मध्ये त्या रेडियम संस्थेच्या संचालक व फ्रेंच अणुऊर्जा आयोगाच्या सदस्य झाल्या. साम्यवादी विचारांमुळे फ्रेदेरिक यांना १९५० मध्ये आयोगातून दूर करण्यात आले. त्यानंतर इरेन यांचेही सदस्यत्व संपुष्टात आले. अनेकदा अर्ज करूनही फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. जानेवारी १९५० मध्ये कोलकाता येथील, मेघनाद साहा यांनी स्थापन केलेल्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचे उद्घाटन त्यांच्या हस्ते झाले.

ओर्से व अखेर

पॅरिसची जुनी प्रयोगशाळा नव्या कणवेगवर्धकांना अपुरी पडत असल्याने इरेन यांनी ओर्से येथे मोठ्या प्रयोगशाळेची आखणी केली. हे काम चालू असतानाच रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. क्ष-किरण व पोलोनियम यांचा दीर्घकालीन संसर्ग हे या आजाराचे कारण मानले जाते. उर्वरित काम फ्रेदेरिक यांनी पुढे नेले. १९५८ मध्ये तेही निवर्तले.

वारसा

१९५१ मध्ये कोपनहेगन येथे युरेनियमच्या लक्ष्यातून क्रिप्टॉनचे अल्पायुषी समस्थानिक थेट समस्थानिक-विभाजकात नेण्यात आले. १९६७ पासून जिनीव्हाजवळील सर्न येथे आयसोल्डे हे केंद्र याच तत्त्वावर कार्यरत आहे. अशा केंद्रांत आम्लाऐवजी उष्णता वापरतात. लक्ष्य सुमारे २,००० अंश सेल्सियसपर्यंत तापविले म्हणजे नवे अणू त्याच्या कणांतून झिरपून बाहेर पडतात, मग त्यांचे आयन करून शलाका बनविली जाते. लक्ष्य जाड असेल तर अणू अधिक निर्माण होतात, पण बाहेर येण्यास उशीर लागून वाटेतच क्षय पावतात. म्हणून लक्ष्याचे द्रव्य सच्छिद्र व सूक्ष्मकणी ठेवावे लागते. इरेन यांनी आखलेल्या ओर्सेच्या परिसरातही आज आल्टो या यंत्रणेत युरेनियम कार्बाइडच्या लक्ष्यापासून अशा शलाका मिळविल्या जातात.