के दिहुआ नावाचा सोलापूरकर

पुणे-सोलापूर रस्त्याने इंदापूर मागे पडले की सव्वाशे किलोमीटरच्या आत सोलापूर येते. बारामती-इंदापूरकडच्या घरांना हे शहर परके नाही. चादरी घ्यायला, सिद्धेश्वराच्या दर्शनाला, सोयरिकीला आणि मोठ्या दुखण्यात दवाखान्यालाही या भागातली माणसे सोलापूरची वाट धरत आली आहेत. याच सोलापुरात भैय्या चौकाच्या परिसरात कोटणीस कुटुंबाचे जुने घर आता स्मारक म्हणून जपले आहे. चीनहून येणारे पाहुणे तेथे आवर्जून जातात.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव मराठी घरांत सर्वांच्या कानावरून गेलेले असते. चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा केली, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले आणि तरुणपणीच तेथे वारले, एवढे आपल्याला ठाऊक असते. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने ही कहाणी घरोघरी पोचवली. पण हा तरुण शल्यविशारद चार वर्षे तेथे नेमके काय करत होता आणि सोबतचे चौघे परतले असता तो एकटाच का राहिला, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्यांची उत्तरे शोधू लागले की त्यागमूर्तीच्या तसबिरीमागचा एक कष्टाळू डॉक्टर आणि हाडाचा शिक्षक दिसू लागतो.

सोलापूर ते मुंबई

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. त्या काळचे सोलापूर म्हणजे कापड गिरण्यांचे गाव. स्वातंत्र्य चळवळीची धगही तेथे मोठी होती. १९३० साली इंग्रज सरकारने सोलापुरात मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघा सोलापूरकरांना फाशी दिले. द्वारकानाथ तेव्हा ऐन विशीत होते.

वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात घेतले. कॉलेज केईएम रुग्णालयाला जोडलेले. १९३६ साली पदवी हाती आली आणि पुढच्या उच्च शिक्षणाची तयारी सुरू झाली. शहरात जम बसवायचा, घरच्यांना हातभार लावायचा, ही त्या काळच्या कोणाही होतकरू डॉक्टरची सरळ वाट त्यांच्यापुढे होती.

एक पत्र आणि पाच डॉक्टर

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चीनमध्ये प्रशिक्षित डॉक्टर मुळातच थोडे, त्यांतले बहुतेक शहरांत, आणि शहरे एकामागून एक जपानच्या ताब्यात जात होती. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने वर्गणी काढून सुमारे २२ हजार रुपये जमवले, एक रुग्णवाहिका मिळवली आणि पाच डॉक्टरांचे पथक उभे केले.

पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी वैद्यकीय काम केलेले होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर उपप्रमुख होते, तर कलकत्त्याहून डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी आले. पाचवे कोटणीस. म्हणजे पाचांपैकी दोघे आपल्याकडचे होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने हे पथक मुंबईहून निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला पोचले. तेथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे चांगशा, हँकाव, इचांग असा प्रवास करत, हवाई हल्ले चुकवत आणि वाटेतल्या रुग्णालयांत काम करत ते चुंगकिंगला आले. पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले. कोटणीसांचे झाले के दिहुआ.

पहिली कसोटी

चुंगकिंगला असताना वडील वारल्याची बातमी कोटणीसांना कळली. ही बातमी परमुलखात एकट्याने ऐकणे काय असते, ते परगावी राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. घरी आई आणि धाकटी भावंडे होती. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला. कोणी बोट ठेवले नसते असे ते कारण होते. कोटणीस परतले नाहीत. पथकाबरोबर त्यांनी येनानचा रस्ता धरला.

या निर्णयाचे कौतुक करताना त्याची किंमत विसरू नये. ती एकट्या कोटणीसांनी मोजलेली नाही, सोलापूरच्या त्या घरानेही मोजली आहे. मुलाने घरासाठी परत यावे की जखमी माणसांसाठी थांबावे, हा प्रश्न सोपा नव्हता आणि आजही तो सोपा नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचले. डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये तेथे वस्ती होती आणि रुग्णालयही तसेच. माओ त्से तुंग यांच्या नेतृत्वाखालील आठव्या रूट आर्मीचे हे केंद्र. काही महिने काम केल्यावर चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी भारतात परतले. पुढे प्रकृती बिघडल्यामुळे अटलही परतले. कोणी पळून आले असे नव्हे. पथक कायमचे राहायला गेलेलेच नव्हते. उरले बसू आणि कोटणीस. १९४० साली दोघेही जपानी ठाण्यांच्या रेषा ओलांडून उत्तर चीनच्या आघाडीवर गेले. नंतर बसूंना येनानला परत बोलावले गेले आणि कोटणीस त्या डोंगराळ मुलखात राहिले.

बेथून यांची जागा

या मुलखात कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांनी मोठे काम करून ठेवले होते. जखमीची वाट पाहत रुग्णालयात बसू नये, डॉक्टरने जखमीकडे जावे, हे त्यांचे सूत्र. त्यामागे साधे शास्त्र होते. माती लागलेली जखम जितका वेळ उघडी राहील तितके त्यात जंतू माजतात. आघाडीवरून खांद्यावरच्या डोलीतून दोन-तीन दिवसांनी आलेल्या माणसाचा पाय तर जातोच, अनेकदा जीवही जातो. तीच शस्त्रक्रिया काही तासांत झाली तर माणूस वाचतो. म्हणून बेथून खेचरांवर साहित्य लादून लढाईच्या मागोमाग हिंडत. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, त्यातून रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. जंतुसंसर्गावरचे पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोचायचे होते.

बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत कोटणीस शिकवू लागले आणि आघाडीवर शस्त्रक्रियाही करू लागले. १९४० च्या एका प्रदीर्घ मोहिमेत त्यांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर ७२ तास ते विश्रांतीविना शस्त्रक्रिया करत राहिल्याचे सांगतात. भुलीचे औषध अपुरे, पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायच्या, रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांची घरे. शत्रू जवळ आला की रुग्णांसह सगळे बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी न्यायचे. जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद कोटणीसांकडे आले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे तीस.

फळ्यापुढचा डॉक्टर

इथे कोटणीसांचे वेगळेपण कळते. एक डॉक्टर कितीही राबला तरी त्याला दोनच हात. त्या मुलखाला हवे होते शेकडो हात, तेही तिथल्याच मातीतले. म्हणून शेतकऱ्यांच्या मुलांना थोड्या काळात जखम धुणे, रक्त थांबवणे, मोडलेले हाड बांधणे आणि पुढे शस्त्रक्रिया करणे शिकवायचे होते. हे दुभाष्यामार्फत होण्यासारखे नव्हते.

कोटणीस चिनी भाषा शिकले. नुसती बोलण्यापुरती नव्हे, वाचायला आणि लिहायलाही शिकले. हजारो चित्राक्षरांची ती लिपी, ऐन लढाईच्या धामधुमीत. रुग्णाला कुठे दुखते ते त्याच्याच बोलीत विचारायचे आणि विद्यार्थ्याला का दुखते ते त्याच्याच भाषेत समजावायचे. शिकवण्यासाठी हाती पाठ्यपुस्तक नव्हते, म्हणून त्यांनी चिनीतून शल्यशास्त्राच्या मूलतत्त्वांवर पुस्तक लिहिले. ते संपताच पुढच्या पुस्तकाला हात घातला.

लिहिता-वाचता येणारी, कष्टाची सवय असलेली गावातलीच मुले-मुली निवडायची, त्यांना नेमके आणि नेटके शिकवायचे आणि त्यांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवायचे, ही पद्धत चीनमध्ये पुढेही राहिली. १९६० च्या दशकात तेथे खेड्यापाड्यांत ‘अनवाणी डॉक्टर’ उभे राहिले तेव्हा जगभरच्या आरोग्यशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. त्या कल्पनेचे श्रेय कोटणीसांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पण साधने तुटपुंजी असताना माणसे घडवण्याचा जो मार्ग होता, त्या मार्गावर सुरुवातीला चाललेल्यांत एक सोलापूरकर होता, हे खरे.

संसार एक वर्षाचा

बेथून यांच्या समाधीच्या समारंभात कोटणीसांची भेट गुओ चिंगलान यांच्याशी झाली होती. चिंगलान वैद्यकीय शाळेत परिचर्या शिकवत. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचे लग्न झाले. जुलै १९४२ मध्ये कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. २३ ऑगस्टला मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

पण कोटणीसांच्या देहाने आधीच हाक द्यायला सुरुवात केली होती. त्यांना अपस्माराचे, म्हणजे फिट्सचे, झटके येत. उपचारासाठी दुसरीकडे जाण्याचा आग्रह सहकाऱ्यांनी धरला, पण ते काम सोडून गेले नाहीत. अपस्मारावर आज गावोगावच्या दवाखान्यांत गोळ्या मिळतात आणि त्या नियमित घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचे झटके आटोक्यात राहतात. वेढलेल्या डोंगरात त्या काळी यातले काही सहज मिळण्यासारखे नव्हते. जागरण आणि दगदग तर झटक्यांना आमंत्रणच. इतरांना विश्रांती सांगणाऱ्या डॉक्टरने स्वतःला ती दिली नाही. एकामागून एक आलेल्या झटक्यांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले. वय ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. दुसरे पुस्तक अर्धवट राहिले.

बेथून यांच्या समाधीजवळच त्यांना मूठमाती देण्यात आली. पुढे दोघांच्याही समाध्या हेपेई प्रांतात शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत हलवल्या गेल्या.

मागे राहिलेले

१९४४ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली शांतारामबापूंचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ पडद्यावर आला. स्वतः शांताराम कोटणीस झाले, जयश्री चिंगलान झाल्या. चित्रपटाने नाव अमर केले, पण चित्रपटाला प्रेम आणि मृत्यू जेवढे भावतात तेवढा फळ्यापुढचा तास भावत नाही. त्यामुळे लोकांच्या मनात शिक्षक कोटणीस मागे पडले. १९६२ च्या युद्धानंतर तर चीनशी जोडलेले काहीही आठवणे आपल्याकडे अवघड झाले.

चिंगलान यांनी सोलापूरच्या माणसांशी नाते तोडले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या. मुलगाही वडिलांच्या वाटेने वैद्यकीय शिक्षण घेत होता. शिक्षण संपत आले असता, १९६७ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी तो आजारपणात गेला. पती आणि पुत्र दोघेही गमावलेल्या या बाई २०१२ साली, ९६ व्या वर्षी वारल्या. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये कोटणीसांचे टपाल तिकीट काढले. चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटत, त्यांची विचारपूस करत.

त्या पथकातल्या बसूंनीही एक धागा पुढे नेला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, सुयांचे उपचार शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केले. आपल्या देशात ॲक्युपंक्चर रुजले ते असे. पंजाबात लुधियानात तर कोटणीसांच्याच नावाने ॲक्युपंक्चरचे रुग्णालय उभे राहिले.

या शतकात वारे उलटे फिरले आणि महाराष्ट्रातली शेकडो मुले डॉक्टर होण्यासाठी चीनला गेली. २०१९ साली बारामतीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे रुग्ण आता तेथे येतात. ते आपले दुखणे पुस्तकी इंग्रजीत सांगत नाहीत. त्यांच्या पोटात ‘कळ’ येते, छातीत ‘भरून’ येते, अंगात ‘कणकण’ असते. हे शब्द नीट ऐकून घेणारा आणि आजाराचे कारण त्याच बोलीत समजावणारा डॉक्टर या भागाला हवा आहे. कोटणीसांनी त्यासाठी एक अख्खी परकी भाषा शिकून घेतली होती. आपल्या मुलांना तर ती आईकडून आयतीच मिळालेली आहे.