नादाचा धनी : काकासाहेब केळकर

आपल्या भाषेत 'नाद' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक नाद कानाला ऐकू येतो, आणि दुसरा माणसाला लागतो. पहिल्याचा आपण गौरव करतो. दुसऱ्याची मात्र घरोघर धास्ती असते. पोरगा अमक्या नादाला लागला, असे म्हटले की आईबापांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. वास्तविक दुसरा नाद नसता तर पहिल्याची कितीतरी साधने आज आपल्याला पाहायलाही मिळाली नसती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यांच्या दालनात ही गोष्ट जितकी पटते तितकी क्वचितच दुसरीकडे पटेल. ज्या एका माणसाच्या नादातून हे सारे उभे राहिले, त्या दिनकर गंगाधर केळकरांची ही चरित्रकथा.

केळकरांचा जन्म १८९६ सालचा. ते ना राजघराण्यातले, ना सावकारांच्या पेढीवरचे. पुण्यात त्यांचे चष्म्याचे दुकान होते आणि त्या दुकानावर संसार चालत होता. दुसऱ्याची दृष्टी सुधारण्याचा धंदा करणाऱ्या या गृहस्थाची स्वतःची दृष्टी मात्र भलतीकडेच लागलेली होती. ती लागली होती कवितेकडे आणि इतिहासाकडे. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने त्यांनी कविता लिहिल्या. रविकिरण मंडळाचा तो काळ; काव्यगायनाला गर्दी लोटत असे आणि मराठी मन प्रेमगीतांत रंगून गेले होते. अज्ञातवासींचा ओढा मराठ्यांच्या इतिहासाकडे अधिक होता. गतकाळाचा ध्यास घेतलेला हा कवी हळूहळू शब्दांकडून वस्तूंकडे वळला. कवितेत ज्या तलवारीचे वर्णन करायचे ती तलवार कशी होती, ज्या समईच्या उजेडात पोथी वाचली गेली ती समई कोणत्या घाटाची होती, हे पाहण्याची ओढ त्यांना लागली आणि १९२०च्या सुमारास संग्रहाला आरंभ झाला.

त्या वेळचे पुणे डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या उद्योगाचे मोल कळायचे नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली. त्यानंतर शंभर वर्षांत सरदारांचे वाडे खचत गेले, वतने आटली, वाटण्या झाल्या. आजोबांनी मिरवलेली वस्तू नातवाला अडगळ वाटू लागली. पितळेचे दिवे मोडीच्या भावाने वजनावर जाऊ लागले, कोरीव दारे सरपणाच्या वाटेला लागली, आणि जे काही देखणे होते ते हौशी परदेशी गिऱ्हाइकाच्या पेटाऱ्यातून बोटीवर चढले. इतिहासाची चिंता करणारी माणसे तेव्हा पुण्यात नव्हती असे नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले होते. दप्तरांच्या दप्तरे वाळवीच्या तोंडातून वाचवली जात होती. पण तो कागदांचा इतिहास होता. तहनामे, सनदा, पत्रे यांत राजे आणि मुत्सद्दी बोलतात. स्वयंपाकघर, देवघर आणि माजघर त्यांत फारसे बोलत नाही. तो मुका राहिलेला इतिहास केळकरांनी गोळा करायला घेतला.

म्हणूनच त्यांच्या संग्रहातील वस्तूंची नुसती नावे वाचली तरी मौज वाटते. अडकित्ते, पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, फण्या, दौती, कुलपे, पाय घासायच्या वजऱ्या, लामणदिवे, हुक्के, खेळणी, कळसूत्री बाहुल्या, चित्रकथींची चित्रे. अडकित्त्याचे काम सुपारी कातरण्याचे. ते साध्या लोखंडी पात्यानेही होते. तरी कुणा कारागिराला त्याला पक्ष्याची चोच द्यावीशी वाटली, कुणाला त्यात स्त्रीपुरुषांची जोडी घडवावीशी वाटली. पायाची टाच घासायच्या वजरीवर मोर आणि हत्ती बसवणारा माणूस कोण होता? त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. रोज हाताळायची वस्तू सुंदर असावी, एवढ्याच हट्टाने काम करणारे हे हजारो कारागीर खरे अज्ञातवासी. आपले टोपणनाव केळकरांनी कवितेपेक्षा संग्रहात अधिक सार्थ केले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

या वस्तूंसाठी केळकर महाराष्ट्रातच नव्हे तर देशभर हिंडले. दुकानाच्या मिळकतीवर हा खर्च भागवायचा म्हणजे काय, हे मध्यमवर्गीय घरातल्या वाचकांना सांगायला नको. या प्रवासात पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. नादिष्ट माणसाच्या बायकोची तक्रार आपण नाटकांतून पुष्कळ ऐकतो. त्याच नादात स्वतः उतरणारी बायको विरळा. स्त्रियांच्या वापरातल्या वस्तूंना या संग्रहात इतके मानाचे स्थान आहे, हे पाहताना कमलाबाईंचे स्मरण व्हायलाच हवे.

या दांपत्याच्या आयुष्यात एक घाव मात्र असा बसला की त्याने दुसरे कुणीही खचून गेले असते. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी गेला. ज्याच्यासाठी माणूस जमवतो तोच राहिला नाही, तर जमवायचे कुणासाठी? हा प्रश्न केळकरांपुढे उभा राहिला असेलच. त्याचे उत्तर त्यांनी कृतीने दिले. संग्रहाला त्यांनी राजाचे नाव दिले. राजा केळकर ऐतिहासिक संग्रहालय या नावात कुणी भूपती नाही, तर ते सात वर्षांचे मूल आहे. वारसा पुढे न्यायला मुलगा नव्हता, तेव्हा वारशालाच त्यांनी मुलाचे नाव दिले. पुढे या नावात पित्याचेही नाव जोडले गेले. मुलाचे नाव आधी आणि बापाचे नंतर, हा आपला नित्याचा क्रम. पण येथे तो वाचताना मन गलबलते.

आता वाद्यांकडे येऊ. भरतमुनींच्या काळापासून आपल्याकडे वाद्यांचे चार वर्ग मानले आहेत : तारांची ती तत, फुंकून वाजवायची ती सुषिर, चामड्याने मढवलेली ती अवनद्ध आणि धातूची वा लाकडाची ठोस ती घन. केळकरांच्या संग्रहात दरबारी वाद्ये आहेत तशी देवळातली आणि लोककलावंतांचीही आहेत. त्यातले ताऊस पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. ताऊस म्हणजे मोर. गजाने वाजवायच्या या वाद्याचा भोपळाच मोराच्या आकाराचा असतो. शीख दरबारांत आणि पंजाबात ते विशेष नांदले. मोराची मान पुढे काढली काय किंवा नाही काढली काय, सुरात फरक पडत नाही. पण अडकित्त्याला चोच देणाऱ्या कारागिराचाच तोही सगासोयरा. ऐकण्याची वस्तू पाहण्यालाही गोड असावी, हा त्याचा आग्रह.

वाद्य घडवणारा हातही इतिहासाबरोबर कसा बदलतो, याचे उदाहरण आपल्याच मिरजेत आहे. तेथील सुप्रसिद्ध तंबोरे-सतारी बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांची. संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या मंडळींनी पंढरपूरकडच्या भोपळ्यांना तारा चढवायला आरंभ केला. ज्या बोटांनी पाते पारखले, त्याच बोटांनी जवारी साधली. शस्त्रे आणि वाद्ये एकाच छपराखाली ठेवणारा केळकरांचा संग्रह म्हणूनच विसंगत वाटत नाही.

असा नाद केवळ जुन्या चालीच्या माणसांनाच लागतो, असे कुणी समजू नये. स्नेहसंमेलनात विजेची गिटार गळ्यात अडकवून रंगमंच दणाणून सोडणाऱ्या आपल्या मित्रांनी अमेरिकेतली एक गोष्ट लक्षात घ्यावी. लेस पॉल या वादकाच्या नावाची गिब्सन कंपनीची गिटार १९५२ साली बाजारात आली. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर १९५४ साली. लेस पॉलचा तांबूस-पिवळ्या झळाळीचा एक नमुना १९५८ ते १९६०च्या दरम्यान निघाला. खप होईना म्हणून कंपनीने त्याचा घाटच बदलून टाकला. पुढच्या दहा वर्षांत मोठमोठ्या वादकांनी त्याच टाकून दिलेल्या गिटारी शोधून काढल्या, आणि आज हौशी संग्राहक तिच्यासाठी घराच्या किमतीएवढे पैसे मोजतात. त्यातही मूळचा रंग विटलेला, मूळचे स्क्रू गंजलेले असतील तर मोल अधिक. नवा रंग चढवला की मोल उतरले! आपल्या पितळी दिव्याला राख-चिंचेने लखलखीत करून त्यावरची शंभर वर्षांची झाक घालवणाऱ्यांनी यापासून धडा घ्यावा. समुद्राच्या दोन्ही तीरांवर नियम एकच : ज्या वस्तूला लोक टाकाऊ समजतात, त्याच वेळी ती वाचवायची असते. ती मोलाची ठरल्यावर तिला वाचवणारे पुष्कळ भेटतात.

परंतु गिटारींचा संग्राहक आणि केळकर यांत एक मोठे अंतर आहे. संग्राहकाचा आनंद 'माझे' या शब्दात असतो. संग्राहक गेला की वारस वाटण्या करतात, लिलाव होतो, आणि आयुष्यभर जुळवलेली माळ चार दिशांना ओघळते. जगातल्या बहुतेक खाजगी संग्रहांची अखेर अशीच झालेली आहे. १९६०पर्यंत केळकरांकडे सुमारे १५,००० वस्तू जमल्या होत्या. मनात आणते तर त्या विकून ते गडगंज होऊ शकले असते. त्यांनी पुढच्या दीड दशकात हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. बाजीरावाने मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेषही त्यांनी आणून संग्रहालयात पुन्हा उभे केले. बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबागेतले हे संग्रहालय म्हणजे त्यांचे घरच होते. घराचे दार त्यांनी सर्वांसाठी उघडले. शासनाने पद्मश्री देऊन आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. देऊन त्यांचा सन्मान केला. १९९० साली, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या मागे वाटणी करण्यासारखे काही नव्हते. जे होते ते आधीच सर्वांचे झाले होते. संग्रह पुढे २०,०००च्या वर गेला. जागेअभावी त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच वस्तू मांडता आल्या, हे आपले दुर्दैव, देणाऱ्याचे नव्हे.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. काचेच्या कपाटात ठेवलेले वाद्य हे वाद्य राहते काय? तारा उतरलेल्या, गज थांबलेला, चामडे सैल पडलेले. वाद्य न वाजवता ठेवले की लाकूड सुकते, जोड सुटतात, सूर मावळतो. घरातून उचललेली वस्तू घराच्या आठवणींनाही पारखी होते. हे तुणतुणे कोणत्या गोंधळ्याने कोणत्या अंगणात वाजवले, हे कपाट सांगत नाही. हा आक्षेप खरा आहे. तरीही त्याला उत्तर आहे. मुके झालेले वाद्य पुन्हा बोलते करता येते. त्याची मापे घेता येतात, त्याबरहुकूम नवे घडवता येते. भट्टीत गेलेल्या नगाऱ्याचे तांबे मात्र कधीच पुन्हा नगारा होत नाही. केळकरांनी वाद्यांचा आवाज वाचवला नाही. तो पुन्हा उमटण्याची शक्यता वाचवली. ते काम काही लहान नव्हे.

नाशिककरांना तर हे निराळे सांगण्याचे कारण नाही. आपल्याच त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला आणि १९४४ साली ते नाशिकातच वारले. त्यांनी काढलेल्या चित्रपटांपैकी आज किती उरले? थोडेसे तुकडे. पुण्यात चष्म्याचा एक दुकानदार अडकित्ते जपत होता, त्याच वर्षांत आपल्या देशाच्या पहिल्या चित्रपटांच्या पट्ट्या नष्ट होत होत्या. फाळक्यांच्या कलेला केळकर भेटला नाही, एवढाच काय तो फरक.

गंगाकाठचे जुने वाडे आपल्या डोळ्यांदेखत उतरत आहेत. भांडीबाजारात जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत येतात. कुणाच्या माळ्यावर आजोबांची पायपेटी असेल, कुणाच्या देवघरात फुटका संबळ असेल. प्रत्येकाने संग्रहालय काढावे असे मुळीच नाही. येत्या सुटीत घरातली अशी एक वस्तू उतरवावी, ती न घासता पुसावी, आणि आजी जे सांगेल ते वहीच्या एका पानावर लिहून काढावे : ती कुणी आणली, कुणी वापरली, तिला घरात काय म्हणत. आजीबरोबर जाणारी माहिती कुठल्याच बाजारात पुन्हा विकत मिळत नाही. वस्तू घरात राहो वा संग्रहालयात जावो, ते पान तिच्यासोबत ठेवावे.