नगरमंदिराचे शिल्पकार : फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स

राजाचा वाडा, देवाचे देऊळ आणि सरदाराची गढी ह्या वास्तू आपल्या देशात शतकानुशतके उभारल्या गेल्या. परंतु ज्या वास्तूचा धनी कोणी एक राजा नसून नगरातील सर्व करदाते नागरिक आहेत, अशी भव्य इमारत आपल्याकडे तुलनेने अर्वाचीन काळीच अवतरली. मुंबई महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय हे अशा इमारतींत फार वरच्या मानाचे आहे. बोरीबंदरच्या स्थानकासमोर, दोन हमरस्त्यांच्या बेचक्यात ती उभी आहे. तिचा मनोरा लाखो लोक रोज पाहतात, पण तो ज्याच्या बुद्धीतून उभा राहिला त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. त्या वास्तुविशारदाचा, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, जीवनवृत्तांत विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा असा आहे.

स्टीव्हन्स यांचा जन्म इ. स. १८४७ मध्ये इंग्लंडातील बाथ ह्या नगरात झाला. उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठी व प्राचीन रोमन स्नानगृहांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव पिवळसर दगडाच्या सुबक इमारतींनी नटलेले आहे. शालेय शिक्षण आटोपल्यावर १८६२ साली, म्हणजे आजचा विद्यार्थी ज्या वयात शाळेतच असतो त्या वयात, ते चार्ल्स डेव्हिस नावाच्या स्थानिक वास्तुविशारदाकडे उमेदवारी करू लागले. पुढे हेच डेव्हिस बाथ येथील भूमीत गाडले गेलेले रोमन स्नानगृह उजेडात आणण्याच्या कार्यामुळे नावारूपास आले. अशा गुरूच्या हाताखाली नकाशे काढणे, मोजमापे घेणे व दगडाचे गुण ओळखणे ह्या गोष्टी त्या मुलाने आत्मसात केल्या.

१८६७ साली हिंदुस्थान सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांची निवड झाली आणि अवघ्या विसाव्या वर्षी ते समुद्र ओलांडून आपल्या देशात आले. प्रारंभी त्यांची नेमणूक पुण्यास झाली, आणि १८६८ मध्ये त्यांची बदली मुंबईस करण्यात आली. ही बदली त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारी ठरली. कारण तो काळच मुंबईच्या नवनिर्मितीचा होता. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत किल्ल्याचे जुने तट पाडण्यात आले होते आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवी मुंबापुरी आकार घेत होती. कुशल हातांना तेथे कामाची वाण नव्हती.

स्टीव्हन्स यांना पहिले नाव मिळवून दिले ते नाविकांच्या विश्रामगृहाने. १८७० साली ड्यूक ऑफ एडिंबरो ह्या राजपुत्राच्या हस्ते त्याची कोनशिला बसली व १८७६ मध्ये ते पूर्ण झाले. ह्या इमारतीशी बडोद्याचे नाते विशेष जवळचे आहे. राजपुत्राच्या आगमनाच्या स्मरणार्थ महाराज खंडेराव गायकवाड यांनी तिच्यासाठी दोन लक्ष रुपयांची देणगी दिली होती. तरुण स्टीव्हन्स यांच्या पहिल्या मोठ्या निर्मितीला अशा रीतीने एका मराठी संस्थानिकाच्या औदार्याचा हात लागला. पुढे १९२८ पासून त्या वास्तूत मुंबई प्रांताचे विधिमंडळ भरू लागले, आणि त्यानंतर महाराष्ट्राच्या पोलीस दलाचे मुख्यालय तेथे आले. खलाशांच्या निवाऱ्यासाठी बांधलेल्या घराने कायदे करणाऱ्यांस आणि ते राखणाऱ्यांसही आश्रय दिला.

ह्या यशामुळे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने आपल्या बोरीबंदर येथील नव्या स्थानकाचे काम स्टीव्हन्स यांच्याकडे सोपविले. असे काम हाती घेण्यापूर्वी त्यांनी उतावीळपणा केला नाही. सुमारे दहा महिने युरोपात हिंडून तेथील स्थानके व थोर वास्तू त्यांनी डोळसपणे पाहिल्या आणि मगच आराखडा सिद्ध केला. १८७८ मध्ये काम सुरू झाले. १८८७ साली, राणी व्हिक्टोरिया यांच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, स्थानकाला राणीचे नाव देण्यात आले, आणि १८८८ मध्ये सर्व बांधकाम पुरे झाले. त्याला सुमारे १६ लक्ष १४ हजार रुपये खर्च आला. १९९६ साली ह्या स्थानकास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले व २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला.

ह्या स्थानकाच्या मध्यभागी असलेला अष्टकोनी घुमट म्हणजे बांधकामकौशल्याचा उत्कृष्ट नमुना होय. साधारणपणे कमान अथवा घुमट बांधताना खाली लाकडी सांगाडा उभारून त्यावर दगड तोलून धरतात व जोड पक्के झाले की सांगाडा काढून घेतात. येथे मात्र घुमटाच्या फासळ्यांचे दगड एकमेकांत अडकवून, असा आधार न घेता तो रचण्यात आला. भिंतींवरील पाने, फुले, पशुपक्षी व मुखवटे घडविण्याच्या कामी सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले आहेत. सीताराम खंडेराव वैद्य हे ह्या कामी स्टीव्हन्स यांचे साहाय्यक होते. नकाशा विलायती बुद्धीने काढला खरा, पण तो दगडात उतरविला तो ह्याच भूमीतील पाथरवटांच्या छिन्नीने, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. १८८४ मध्ये स्टीव्हन्स यांनी सरकारी चाकरी सोडली व मुंबईतच स्वतंत्र व्यवसाय मांडला.

आता मुख्य वास्तूकडे वळू. मुंबई नगरपालिकेचे पहिले कार्यालय गिरगाव रस्त्याच्या टोकाशी होते. १८७० मध्ये ते एस्प्लनेडवरील एका इमारतीत गेले, परंतु वाढत्या शहराच्या कारभाराला ती जागा अपुरी पडू लागली. दरम्यान देशातही एक मोठी घटना घडली होती. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव काढून नगरांच्या कारभारात लोकांना वाटा देण्याचे धोरण जाहीर केले होते. त्याच रिपन यांच्या हस्ते ९ डिसेंबर १८८४ रोजी नव्या नगरमंदिराची कोनशिला बसविण्यात आली, आणि त्या वर्षी नगरपालिकेचे अध्यक्षपद फिरोजशहा मेहता यांच्याकडे होते. हा योग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

इमारत कोणत्या शैलीत बांधावी, हा प्रश्न सोपा नव्हता. पुढे दोन आराखडे आले. एक होता रॉबर्ट चिझम यांचा. हे मद्रासेत नावाजलेले वास्तुविशारद असून हिंदी व इस्लामी शैलींच्या मिश्रणाचा पुरस्कार करीत. दुसरा होता स्टीव्हन्स यांचा, मूलतः गॉथिक घडणीचा. मान स्टीव्हन्स यांच्या आराखड्यास मिळाला. तथापि चिझम यांची प्रतिभा वाया गेली असे नाही. बडोदे महाविद्यालयाचा विशाल घुमट त्यांच्याच कल्पनेतला आहे, आणि मेजर मँट यांच्या निधनानंतर लक्ष्मीविलास राजवाड्याचे काम त्यांनीच तडीस नेले. एका स्पर्धेत मागे पडलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी चिरंतन काम करून जातो, हा बोध पहिला नंबर हुकलेल्या विद्यार्थ्यांनी मनाशी बाळगण्याजोगा आहे.

कोनशिला बसल्यानंतर सुमारे साडेचार वर्षांनी, २५ एप्रिल १८८९ रोजी, प्रत्यक्ष बांधकामास आरंभ झाला. जागा त्रिकोणी आणि अडचणीची. परंतु स्टीव्हन्स यांनी त्या अडचणीचेच वैभवात रूपांतर केले. दोन रस्ते जेथे मिळतात त्या कोनावर त्यांनी इमारतीचे मुख आणले, तेथे उंच मनोरा व घुमट उभारला आणि दोन्ही अंगांना दोन रस्त्यांलगत इमारतीच्या बाजू पसरविल्या. मनोऱ्याची उंची २३५ फूट आहे. दर्शनी भागी वर पंख पसरलेली एक स्त्रीमूर्ती असून हिंदुस्थानातील आद्य नगरी हा मुंबईचा मान ती सूचित करते. टोकदार कमानी व कोरीव सज्जे गॉथिक वळणाचे आहेत, पण माथ्यावरचे घुमट पाहताच ही इमारत पूर्वेच्या आकाशाखाली उभी आहे हे ध्यानी येते. पूर्व आणि पश्चिम यांची गाठ येथे मोठ्या खुबीने मारलेली आहे.

ह्या इमारतीचे कंत्राट व्यंकू बाळाजी कालेवार ह्या एतद्देशीय गृहस्थांकडे होते. ३१ जुलै १८९३ रोजी, चार वर्षे तीन महिन्यांत, काम पूर्ण झाले. खर्चाचा अंदाज होता ११,८८,९६९ रुपयांचा, आणि प्रत्यक्ष खर्च झाला ११,८८,०८२ रुपये. म्हणजे ८८७ रुपये शिल्लक उरले! सार्वजनिक पैशाची प्रत्येक पै ही कोणा नागरिकाच्या कष्टाची असते, ही जाणीव असल्यावाचून असा हिशेब जुळत नाही. मनोऱ्याची उंची पाहून आपण थक्क होतो, परंतु ह्या हिशेबापुढेही मान लवविणे उचित होय.

बांधकाम चालू होण्याच्या सुमारास नगरपालिकेच्या घटनेलाही नवे रूप आले. १८८८ च्या कायद्याने ७२ सभासदांची सभा ठरली, त्यांतील ३६ जण करदात्यांनी निवडावयाचे होते. हा कायदा घडविताना फिरोजशहा मेहता व न्यायनिष्ठ काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी नागरिकांच्या हक्कांसाठी परिश्रम घेतले. नव्या सभागृहात १६ जानेवारी १८९३ रोजी पहिली सभा भरली. सागवानी लाकूडकामाने सजलेल्या त्या दालनात पाणी, गटारे, रोगराई व शाळा ह्या रोजच्या जीवनाच्या प्रश्नांवर चर्चा होऊ लागली. मत देण्याचा अधिकार तेव्हा थोड्यांनाच होता. गिरणीत राबणारा मजूर अथवा घरात कष्टणारी स्त्री यांचा आवाज तेथे पोहोचावयास अजून पुष्कळ काळ जावयाचा होता. तरीही परक्या सत्तेच्या काळात आपल्या माणसांनी आपल्या गावाचा जमाखर्च तपासण्याचा धडा तेथे गिरविला. पुढे १९२३ मध्ये फिरोजशहांचा पुतळा ह्याच इमारतीसमोर बसविण्यात आला.

१८८९ साली सरकारने स्टीव्हन्स यांस सी. आय. ई. हा किताब देऊन गौरविले. त्यानंतरही त्यांचा हात थांबला नाही. चर्चगेटजवळील बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची कचेरी त्यांनी उभारली, नैनितालचे राजभवनही त्यांच्याच आराखड्याप्रमाणे बांधले गेले. परंतु ज्या मुंबईला त्यांनी सजविले, तिच्याच दमट हवेतील हिवतापाने त्यांना गाठले. १९०० सालच्या मार्च महिन्यात, अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे मुंबईतच देहावसान झाले आणि शिवडीच्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांचा व्यवसाय पुढे त्यांचे पुत्र चार्ल्स यांनी चालविला.

स्टीव्हन्स हे राज्यकर्त्या जातीचे होते, आणि त्यांच्या हातून घडलेल्या काही वास्तूंना परक्या सत्तेच्या वैभवाचे प्रदर्शन म्हणून नावे ठेवता येतील. परंतु सत्ता गेली, राणीचे नाव गेले, राजदंड गेला, इमारती मात्र राहिल्या, आणि त्या आता सर्वस्वी आपल्या झाल्या आहेत. दगडाला जात नसते, त्याला ज्याच्या कामी लावावे त्याचा तो होतो. तेथे बसणारी माणसे जोवर सचोटीने नगराचा कारभार करतील, तोवरच त्या घुमटाला शोभा आहे, नाही तर तो पोकळ दगडांचा ढिगारा ठरेल. वास्तुविशारदाने आपले कार्य चोख बजावले, पाथरवटाने आपले बजावले, कंत्राटदाराने हिशेब चुकता केला. उरलेले काम नागरिकांचे आहे. आजचे विद्यार्थी हेच उद्याचे नागरिक होत. मुंबईस जाण्याचा प्रसंग आला तर त्यांनी त्या मनोऱ्याकडे क्षणभर मान वर करून पाहावे, आणि परतल्यावर आपल्या गावच्या नगरपालिकेच्या इमारतीकडेही, ती कितीही साधी असो, त्याच आपुलकीने पाहावे.